मोळीचं गानं आन माझं खोटं

त्या दुपारी घरात आमी पाच जनी हुतो. मी, माझी सून, आन माझी नात, ती नगरला कॉलेजात एम.ए. करती. आन तिच्या दोन मैत्रिनी. एक पारनेरकडची, लई बोलकी. दुसरी पुनतांब्याची, चष्मेवाली. लेक माझा तिसगावच्या बाजाराला गेल्ता. त्यो घरात न्हवता हे आधीच सांगून ठिवते.

पोरींना कॉलेजातनं काम दिलं हुतं. लोकांच्या तोंडचं एकच गानं घ्यायचं आन तिघींनी त्याचा तीन तऱ्हांनी अर्थ लावायचा. त्यांनी घेतलं ऊसतोडीचं गानं. लग्नात डीजेवर आजूनबी वाजतं ते. त्यात एक बाई हाय. लाल लुगडं, पायात पैंजन. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढती, ठुमकत, हसत, जनू डोक्यावर फुलांची पाटी हाय.

नातीनं मोबाईलवर गानं लावलं तशी सून उठली आन चहा टाकायला गेली. ते गानं लागलं की ती उठतीच. लई वर्सं झाली, उठती. मला ठाव हाय का उठती ते.

पारनेरची म्हनली, "या गाण्यात घाम कुठंय? मालकाला कष्ट दिसू नयेत म्हणून नाच घातलाय."

"घामाचं राहू दे," चष्मेवाली म्हनली. "बाईकडं बघतंय कोण, ते बघ. सगळं गाणं खाली उभ्या असलेल्या पुरुषाचं. ती स्वतः एक शब्द तरी बोलते का?"

"तुला बाई प्रत्येक गाण्यात पुरुषच दिसतो!"

"आणि तुला मालक!"

दोघी हसल्या. मीबी हसले. आमी ते गानं एवढं ऐकलं, पन त्यात इतकं भरलंय हे कुनाला ठाव.

नातीचं तिसरंच. म्हनली, "अर्थ गाण्यात नसतो, ऐकणाऱ्यात असतो. म्हणून आजी, तूच सांग. तू ऊसतोडीला जायचीस, उसाच्या फडात हे गाणं वाजायचं, तेव्हा तुला काय वाटायचं?" आन वही उघडून बसली.

आत भांड्याचा आवाज थांबला.

मी म्हनले, "आगं, आमाला कुठलं गानं. मान वर करायला सवड न्हवती."

तिनं ते लिवून घेतलं. ते खोटं हाय.

खरं असं हाय. ट्रॅक्टरवाल्याकडं टेप हुता. ऊस भरायला लागलं की त्यो ते गानं लावायचा. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. बाप्यानं तोडायचं, बाईनं मोळ्या डोक्यावर वाहायच्या. दोघातलं एक बसलं की मुकादम सगळ्यांदेखत म्हनायचा, "आला का अर्धा कोयता!" आमच्या घरचे दोन कोयते हुते, आमा नवरा-बायकोचा एक आन लेक-सुनंचा एक. अर्धा म्हनून घेनं मला मरनाहून वाईट वाटायचं. मी सवता सातव्या महिन्यापतोर मोळ्या वाहिलेल्या. त्याचा लई तोरा हुता मला.

सुनंला चौथा महिना. त्या सकाळी बाप्ये फडाच्या दुसऱ्या टोकाला तोडीत हुते, आन ती फळीपाशी थांबली. हळूच म्हनली, "आत्याबाई, आज माझ्यानं व्हनार न्हाई. पोटात वढतंय."

तिनं हळू सांगितलं. मी मोठ्यांदा बोलले. "आगं, गान्यातली बघ कशी हसत चढती! आन आमची रानी मोळी बघूनच कन्हती."

बायका हसल्या. एक म्हनली, "पैंजन घाला वो हिला, मग चढंल."

मग तर मी टाळ्या वाजवून ते गानंच म्हनायला लागले. सुनंनं मोळी घेतली आन चढली. खाली आली, दुसरी घेतली. मी म्हनतच हुते. दुपारी ती कोपीत जाऊन निजली, उसाच्या वाढ्यांच्या त्या झोपडीत. दिस मावळायच्या आत तिचं पोट पडलं.

पोरी चहा पिऊन निघाल्या. नात त्यांना स्टँडवर सोडायला गेली. सून बशा घासत हुती. मी उंबऱ्यात बसले.

"मी खोटं बोलले," म्हनलं.

"ऐकलं मी."

"मग तू का न्हाई बोललीस?"

"तवा बोलले न्हाई, आता काय बोलू?" तिनं नळ बंद केला. "ह्यांनी कोपीत इचारलं हुतं मला. मीच म्हनले, फळीवरनं पाय घसरला. ह्यांना आजूनबी तेच ठाव हाय."

मला वाटायचं, लेकाला समदं ठाव हाय आन त्यानं पोटात घातलंय. आजारी पडले की त्यो पाय चेपतो, जत्रंला हात धरून नेतो. मी म्हनायची, केवढं मन पोराचं. ते समदं हिच्या त्या एका खोट्यावर चाललं हुतं.

"पोरीला सांगू का?" मी इचारलं.

"आधी ह्यांना सांगा. आन तुमच्या तोंडानं. मला मधी घालू नका."

लेक बाजारातनं आला. त्यो पानी प्यायला, मग मी सांगितलं. त्यानं पिशवीतली वांगी एकएक काढून सुपात ठिवली आन बाहेर जाऊन बसला. आता कामापुरतं बोलतो. मी दोष देत न्हाई.

नातीला सांगायला धीर झाला तवर तिची वही कॉलेजात गेल्ती. समदं ऐकून ती म्हनली, "आजी, आता तूच लिही." मी चौथी शिकलेली, चार दिस लागले एवढं लिवायला.

तवा हे ज्याच्या हातात पडंल, सर असू द्या न्हाईतर बाई, त्यानं एवढं करावं. वहीत माझ्या नावानं जे वाक्य हाय ते खोडा. तिथं लिवा, सासूला ते गानं तोंडपाठ हुतं आन तिनं ते सुनंला म्हनून दाखवलं. पोरीचे मार्क कापू नका. तिनं मी सांगितलं तेच लिवलं हुतं.