आप्पांचा गूळ आणि आमची लॅब

आमच्या लॅबमध्ये तपासून झालेलं सॅम्पल किती दिवस ठेवायचं याचा नियम आहे. मुदत संपली की टाकून द्यायचं. किश्श्यांना मात्र असला नियम नाही, त्यामुळे ते नुसते साचत जातात. चहाच्या वेळी एकानं एक काढला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा गार!

इस्लामपुरात छोटीशी लॅब आहे आमची. औषधं नि पावडरी कमी करून पिकवलेला, बनवलेला माल खरंच खायला चांगला आहे का, हे आम्ही तपासतो. नसेल तर काय सुधारायचं ते शेतकऱ्यांबरोबर बसून शोधतो. आम्ही म्हणजे आमच्या मॅडम, फौजेतून रिटायर होऊन आता सॅम्पल गोळा करणारे शिवाजीमामा, आणि मी, उंब्रजची. तिघांचाही जीव वर्षभर ज्यानं टांगणीला लावला तो आप्पांचा गूळ. आप्पांचं गुऱ्हाळ चालू राहणार की बंद पडणार, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं. पण त्याआधी द्राक्षं.

*

पलूसकडच्या एका काकूंच्या बागेत मी द्राक्षं आणायला गेले. त्यावर फवारलेल्या औषधाचा अंश किती राहिलाय ते बघायचं होतं. मी जरा पाणी प्यायला वळले, तेवढ्यात काकूंनी सगळी द्राक्षं खळखळून धुतली, नव्या टॉवेलनं पुसली आणि हसत हसत माझ्यापुढं केली!

"काकू, आता ह्यात काय सापडणार? सगळं धुऊन गेलं!"

"मग चांगलंच की! आवं, तुमी उन्हातनं आलाय. धुळीची द्राक्षं हातात देऊ व्हय? आमाला काय रीत हाय का न्हाई?"

सॅम्पल बाद. मी पुन्हा गेले, तेव्हा काकूंनी दोन पाट्या तयार ठेवल्या होत्या.

"ही बिनधुतल्याली तुमच्या मशीनला, आन् ही धुतल्याली तुमाला. मशीन कुठं तोंड वाकडं करतंय!"

*

खंडेनवमीला मामांनी लॅबची पूजा केली. "जवान रायफल पूजतो, तर मी मशीन पूजणार!" कुणाची काय बिशाद अडवायची! प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, हळद आणि कुंकू.

पुढच्या आठवड्यात हळदीची सॅम्पलं आली. वरून रंग घातलाय का ते तपासायचं होतं. पहिलं फेल. दुसरं फेल. सगळीच फेल, आणि सगळ्यांत तोच एक रंग! मॅडमचा चेहरा उतरला. मी शहानिशा करायला आमच्या घरची, आईनं कुटलेली हळद तपासली. तीही फेल!

"माझी आई भेसळ करते?" मी तर रडकुंडीला आले.

मग मॅडमनी वजनकाट्याचं ताटलं उचलून खालून बघितलं. कडेला मामांचं कुंकू!

लॅबच्या नियमांच्या तक्त्यात आजही शेवटचा नियम आहे : पूजेनंतर वजनकाटा पुसावा.

*

आता आप्पा. वाळव्याकडचे जैन शेतकरी, चार पिढ्यांचं गुऱ्हाळ. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून घालतात ती पावडर त्यांनी कायमची बंद केली. रस निवळायला फक्त रानभेंडीचा चिक. गूळ निघायचा तपकिरी, चवीला एक नंबर, पण बाजारात लोक म्हणायचे, "काळा गूळ नको." शेवटी लहान पोरांचा खाऊ बनवणारे एक पुण्याचे लोक सगळा गूळ घ्यायला तयार झाले. अट एकच : गुळात बुरशी नको, जंतू नकोत.

"न्हाई पास झाला तर चुलवाण विझवणार," आप्पा म्हणाले. "पर पावडर परत टाकणार न्हाई."

आणि पहिलंच सॅम्पल फेल झालं. फोनवर सांगताना मी एकच वाक्य तीनदा सुरू केलं.

"व्हय, व्हय, कळलं," आप्पा म्हणाले. "तू जेवलीस का बाई?"

अशी माणसं मिळाली मला या नोकरीत. पगाराशिवाय हे मिळालं, त्याचे उपकार कसे फेडायचे!

*

चूक कुठं होतेय ते बघायला आम्ही गुऱ्हाळावर गेलो. रस आटवायची काहिल स्वच्छ, चुलवाण स्वच्छ, माणसंही स्वच्छ. काहिलीतला गूळ वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, निवायला ओतला. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा मोटरसायकलवाला थांबला, वाफ्यात हात घातला, गोळा उचलला आणि गेला. मागनं रानातल्या बायका आल्या. मग एक मास्तर आले. आप्पा सगळ्यांना, "घ्या की, घ्या!"

"मॅडम, तुमी बी घ्या की!"

मॅडमनी घेतला. कोपरापर्यंत बाही सावरून, थेट वाफ्यात हात घालून!

"मॅडम!" मी ओरडले.

मॅडमनी आपल्या चिकट हाताकडं बघितलं. "सापडलं," त्या म्हणाल्या. "आप्पा, हे बंद करावं लागेल."

"गुऱ्हाळ बंद करीन. दारात आल्याल्याचं तोंड गोड केल्याबिगर न्हाई पाठवणार."

मॅडम हात धुऊन आल्या. मग त्यांनीच मार्ग काढला : रस्त्याच्या कडेला वेगळा, लहान वाफा. लोकांनी त्यात खुशाल हात घालावा. विकायचा गूळ आतल्या बाजूला, जाळीखाली. आप्पांनी लगेच नाव दिलं, पाव्हण्यांचा वाफा.

मॅडमनी प्रोजेक्टच्या अहवालात हेच नाव लिहिलं. वरच्या साहेबांनी विचारलं, "याला शास्त्रीय नाव काय?"

"हेच!"

नवा गूळ मामा मांडीवर घेऊन एसटीनं आले. येऊन सॅल्यूट ठोकला. "सरहद्द राखली, मॅडम, पर असला मोह तिथं बी नव्हता!"

*

निकालाच्या दिवशी आप्पा स्वतः आले. धुतलेलं धोतर, टोपी. टेबलावर दुसऱ्याच कुणाच्या तरी सॅम्पलची प्लेट होती.

"हे ठिपकं कसलं गं?"

"जंतू, आप्पा. वाढून वाढून असे दिसायला लागतात."

"जित्ते हायत?"

"हो, जिवंत!"

"मग तपासून झाल्यावर सोडता कुठं?"

"सोडतोय कुठलं!" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. "कुकरसारख्या भांड्यात घालून सगळे मारून टाकतो."

आप्पा स्टुलावर बसले. "म्हंजे मागल्या बारीला माझ्या गुळातलं बी..."

मी ती प्लेट हळूच बाजूला सरकवली.  आप्पांनी निकालाची धास्ती घेतली असं समजून मामांनी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

मॅडम प्लेटा घेऊन जवळजवळ धावतच आल्या. "आप्पा, पास! बुरशी नाही, जंतू नाही, एक ठिपका नाही!"

मामांनी टाळी वाजवली. मी तर रडतच होते. आप्पांनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडं धरली, उलटीसुलटी करून बघितली आणि डोळे मिटून हात जोडले.

"सुटलो गं बाई. ह्या बारीला माझ्या गुळापायी कुणाचा जीव गेला न्हाई."

"आवं आप्पा," मामा म्हणाले, "गुऱ्हाळ चालू राहिलं की तुमचं!"

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"व्हय? ते बी झालं व्हय?"