मूठभर माती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वस्तादांना तर मुळीच नाही. मग तुम्हालाच का? कारण परवा गावानं माझा सत्कार केला, फेटा बांधला आणि एका पुढाऱ्यानं माइकवरून मला 'सच्चा पैलवान' म्हटलं. माझं डोकंच फिरलं. अरे, कशाचा सच्चा?

मी कुंडलचा. घरचा ऊस, गोठ्यात म्हशी, दुधातुपाला तोटा नव्हता. माझ्या जोडीचा पैलवान बिरू आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायचा, तिथली सुकडी खायचा आणि त्याच अंगानं तालमीत उतरायचा. तूप पिऊनही मी त्याच्या निम्म्यानं नव्हतो — हे मला कळत होतं. आणि त्याचाच राग यायचा.

दोन वर्षांनी आमच्या जत्रेत आमची दोघांची जोड लागली. एक साखर कारखाना पदरी पैलवान ठेवणार होता — खुराक, राहायला खोली, नोकरी. जिंकेल त्याला. मला त्याची गरज होती का? काडीची नव्हती. बिरू हरला तर त्याला परत मेंढरांमागं जावं लागणार होतं. हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, मलाही.

दहा-एक मिनिटांनी त्यानं ढाक मारली. मी पाठीवर आपटलो — आणि झटक्यात पालथा झालो. पंच नेमके पायांच्या बाजूला होते, त्यांना नीट दिसलं नाही. निम्मं मैदान म्हणे कुस्ती पडली, निम्मं म्हणे नाही. अशा वेळी आमच्याकडे पंच पैलवानालाच विचारायचे. आखाड्याच्या हौद्यातली माती मुठीत घ्यायची आणि सांगायचं, बस. त्या मातीवर खोटं बोललेला पैलवान कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्यापुढे वाद नसायचा.

"माती उचल आन् सांग गड्या," पंच म्हणाले, "खांदं टेकलं का न्हाई?"

मी माती उचलली.

"न्हाई टेकलं."

बिरू चवताळेल असं वाटलं. चवताळायला हवं होतं त्यानं! माझं थोबाड फोडायला हवं होतं. तो नुसता माझ्या मुठीकडे बघत राहिला. मग पंचांना म्हणाला, "मातीवर कोन खोटं बोलंल, आण्णा? माझीच नजर चुकली आसंल."

कुस्ती परत लागली. पण तो पकड घ्यायचा आणि सोडून द्यायचा, स्वतःच्या हातांवरचा त्याचा भरवसाच उडाला होता. मी त्याला सहज पाडलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, आणि — काय निर्लज्ज माणूस! — मी हात उंचावून नाचलो.

तीन-चार वर्षांनी तो म्हसवडच्या बाजारात भेटला, मेंढरं विकायला आलेला. हात धरून चहाला नेलं आणि हॉटेलातल्या चार माणसांना कौतुकानं सांगत सुटला, "ह्यो लय खरा पैलवान. मला वाटलं, पाडलं ह्याला. पर ह्यानं माती उचलून सांगितलं. तवापासनं माझा मलाच इस्वास न्हाई ऱ्हायला, लंगोट ठिवला म्या."

तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला? तिथं ना पंच होते, ना मैदान. मी त्याचा चहा प्यालो. वर "चालायचंच" म्हणालो. चालायचंच! त्या शब्दाची मला आजही किळस येते.

वस्तादांनी मला हे शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं. माझं मीच केलं.

बिरू गेल्या वर्षी वारला. आपली नजर चुकली, असं समजूनच गेला.

त्याची नजर चुकली नव्हती. दोन्ही खांदे टेकले होते. पालथा होण्याआधी मी वर पाहिलं होतं — त्याच्या तोंडावर जिंकल्याचं हसू आलं होतं.