माइकवर फुंकायचं नाही

भंडारा जिल्ह्यात असं एकही गाव नसेल, जिथल्या मांडवात आमच्या मामाजींनी अमेरिकेतली गुलामगिरी संपवायचा प्रयत्न केला नाही. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मुक्काम वरठी, धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो, बारसं असो, बैलांचा शंकरपट असो की विहारातलं प्रवचन असो, दोन भोंगे, एक मशीन, बॅटरी आणि वायरची भली मोठी गुंडाळी लुनावर लादून मामाजी हजर. जगातले बाकीचे माइकवाले माइक जोडला की ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणतात. मामाजींना ती उजळणी मान्य नव्हती. “आकडे मोजाले माइक कायले पायजे? थे तं बोटावर मोजता येते,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून माइक तपासायला ते एका अमेरिकन माणसाचं भाषण म्हणत. तो माणूस गुलाम म्हणून जन्मला, मालकाच्या हातून निसटून पळाला आणि मग उरलेलं आयुष्य गावोगाव गुलामगिरीविरुद्ध बोलत फिरला. समुद्रापलीकडच्या, केव्हाच मरून गेलेल्या त्या माणसाला झाडीपट्टीची बोली आमच्या मामाजींनी शिकवली.

या दोघांची गाठ पडली ती जिल्हा फुटला त्या सुमारास. गोंदिया वेगळा झाला, मी नोकरीला होतो त्या जिल्हा कचेरीतली अर्धी कपाटं ट्रकमध्ये बसून तिकडे गेली आणि मामाजी निम्मं गिऱ्हाईक परदेशी गेल्यासारखे हळहळत होते. त्या दिवसांत भंडाऱ्याला नागपूरचे एक प्राध्यापक या वक्त्यावर व्याख्यान द्यायला आले. त्यांची मराठी इतकी शुद्ध होती, की पहिल्या पंधरा मिनिटांत सभा गाढ झोपली. जागे दोघंच राहिले, प्राध्यापक आणि मामाजी. कारण मशीन तापतं का ते बघायला कोणीतरी जागं लागतं. त्या दिवशी मशीन थंड राहिलं आणि मामाजी तापले. प्रत्येक कार्यक्रम कॅसेटवर भरून ठेवायची त्यांना सवय होतीच. ती कॅसेट त्यांनी पुढे इतक्यांदा वाजवली, की शेवटी तीत प्राध्यापकांच्या जागी नुसती खरखर उरली. तोवर भाषण मामाजींच्या पोटात उतरलं होतं. प्राध्यापकांनी ‘मातृवियोगाचे दारुण दुःख’ म्हटलं होतं, तिथे मामाजी म्हणत, “माय मेली तं मले मातीले जाऊ नाई देल्लं.” तीच गोष्ट, पण पहिलीनं सभा झोपली होती आणि दुसरीनं स्वयंपाकाच्या चुलीपाशी बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावत.

आणि तो आवाज! देवानं एवढा आवाज एका किडकिडीत माणसाला द्यावा आणि वर त्याला लाउडस्पीकरचाच धंदा सुचवावा, याचं मला आजही नवल वाटतं. माझ्या स्वतःच्या लग्नात मी स्टेजवर उभा होतो, नवरी यायची होती, आणि मामाजींनी माइक तपासायला घेतला. गुलामांच्या बाजारात मायलेकरांची ताटातूट होते, तो भाग ते म्हणत होते. माझ्या अंगावर काटा आला. नवरी शेजारी येऊन उभी राहिली, तरी माझं तोंड भोंग्याकडेच. “लगन माह्यासंग हाये, मामासंग नाई,” असं तिनं कानात सांगितलं, तेव्हा मी अमेरिकेतून परत आलो.

या भाषणाची सुरुवात मात्र मोठी अडचणीची होती. त्या वक्त्याला एकदा देशाच्या स्वातंत्र्याच्या उत्सवात बोलायला बोलावलं, तेव्हा तो उभा राहून बोलावणाऱ्यांनाच विचारता झाला, की हा सोहळा तुमचा, यात माझ्यासारख्याला का बोलावलंत? मामाजींच्या तोंडी ते असं यायचं: “सण तुमचा हाये. मंग मले काहून बलावलं?” आता आमच्याकडे मांडवात कोणी हे वाक्य उच्चारलं, तर त्याचा अर्थ एकच. पाहुणा रुसला. आंबागडला एका शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं. मामाजींनी माइक लावला, घसा साफ केला आणि भोंग्यातून साऱ्या गावाला विचारलं, “मले काहून बलावलं?” वधूपिता धान मोजायचं सोडून धावत आला. त्याच्यामागे दोन काका, एक नारळ आणि एक कोरा दुपट्टा. “माफ करा जी, गडबडीत मान राहून गेला,” म्हणत त्यांनी मामाजींच्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि टोपीही घातली. मामाजी समजावत होते, की मी नाही हो, तो अमेरिकेतला माणूस रुसला आहे. त्यावर वधूपिता हात जोडून म्हणाला, “त्यायलेई बलावा ना जी. जेवूनच जातीन.” पुढे पुढे मामाजींनी समजावणं सोडलं. त्यांच्या पेटीत मानाच्या दुपट्ट्यांची अशी चळत साठली, की घरच्या उशांना अभ्रे बाहेरून आणावे लागले नाहीत.

माणूस मऊ होता, पण माइकच्या बाबतीत राक्षस. माइकवर टिचकी मारायची नाही, ओठ टेकवायचे नाहीत आणि फुंकायचं तर मुळीच नाही. माइकला उचलून हातात घेणं हा तर गुन्हाच. तो दांड्यावर असतो तिथेच जाऊन माणसानं बोलावं. एका सभेत एका मोठ्या पुढाऱ्यानं बोलण्याआधी सवयीनं ‘फू, फू’ केलं. मामाजींनी मशीन बंद केलं. सगळीकडे शांतता. पुढारी वळून बघायला लागले, तर मामाजी मागून म्हणाले, “चाहा हाये काय थो, फुकून प्याले?” पुढाऱ्यांनी चक्क माफी मागितली, तेव्हा कुठे मशीन सुरू झालं.

तर असा हा माणूस. सगळ्या जिल्ह्याच्या कानात त्याचं भाषण गेलं, पण पूर्ण भाषण कोणीच ऐकलं नव्हतं. चार वाक्यं झाली की कोणीतरी ओरडणार, “माइक बराबर हाये, आता गाणे लावा!” मामाजी निमूट गाणी लावत. त्यांना मनातून एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी मला वरठी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगितली होती. “जवाईबापू, एक डाव पुरं भाषण कराचं हाये. स्टेजवरून. अन् माह्या बापासमोर.”

बाप म्हणजे माझ्या बायकोचे आजोबा, सानगडीला राहायचे. जन्मभर कमी बोललेला माणूस. तरुणपणी पाटलाकडे सालदार होते, एवढंच घरात ठाऊक होतं. त्या दिवसांबद्दल एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. मामाजींनी घरी भाषण सुरू केलं की आजोबा काठी उचलत आणि तलावाच्या पाळीवर जाऊन बसत. “थो अमेरिकेचा. आपल्याले का करा लागते?” एवढं बोलून चालू लागत. ज्याच्या आवाजानं अख्खा मांडव वळून बघायचा, त्याला दर वेळी बापाची पाठ दिसायची. मामाजी हसून सांगायचे, पण सांगताना चहा तसाच निवायचा.

दुसरी अडचण शब्दाची. सानगडीच्याच चौकात मामाजी एकदा ऐन रंगात येऊन म्हणाले, “मी जलमापासून गुलाम होतो!” पिंपळाखाली पत्ते कुटत बसलेल्यांतून आवाज आला, “कोणता जी? इस्पिकचा का बदामचा?” चौक हसून लोटपोट. मामाजींनी तेव्हापासून दुसरा शब्द शोधायला घेतला. ‘दास’ म्हटलं तर कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटे. ‘नोकर’ म्हटलं तेव्हा शाळेचा चपराशी उठून म्हणाला, “नोकराले पेन्शन असते, भाऊ.” ‘सालदार’ म्हणावं, तर सालदार साल संपलं की दुसरं घर धरू शकतो. मला विचारलं, तर मी कचेरीतला माणूस, ‘वेठबिगार’ म्हणालो. मामाजींनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. “हा तं कचेरीच्या शिक्क्यासारखा वाजते,” म्हणाले आणि सोडून दिला.

मग एका वर्षी सानगडीला जयंतीचा कार्यक्रम होता. निळे झेंडे, पताका, मैदान गच्च भरलेलं, आणि नागपूरहून यायचे ते वक्ते साकोलीच्या अलीकडे गाडी बंद पडून अडकलेले. मंडळाच्या लोकांनी मामाजींना गाणी लावायला सांगितलं. मामाजींनी मशीनकडे पाहिलं, पहिल्या रांगेत बसलेल्या बापाकडे पाहिलं आणि सरळ स्टेजवर चढले. जयंतीच्या दिवशी आजोबा उठून जाणं शक्य नव्हतं, हे मामाजींना आणि खाली बसलेल्या मला एकाच क्षणी कळलं.

मामाजी माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सण आपला हाये. मंग मले काहून नाई बलावलं?”

मैदान खदखदून हसलं, मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांत जोरात. आणि मग मामाजी बोलायला लागले. मी ते भाषण तुकड्यातुकड्यानं शंभर वेळा ऐकलं होतं, पण असं नाही. गोऱ्या पोरांना आपली भाकर देऊन त्यांच्याकडून अक्षरं घेणारा तो पोरगा आला. रात्री कोसाकोसावरून चालत येऊन लेकराजवळ निजणारी आणि उजाडायच्या आत परत जाणारी त्याची माय आली. “माय मेली तं मले मातीले जाऊ नाई देल्लं,” मामाजी म्हणाले, आणि सानगडीच्या मैदानात पताकांची फडफड ऐकू यायला लागली. मी माणसाचा आवाज ऐकतो आहे की आणखी कशाचा, हेच मला कळेना. आजोबा खाली मान घालून काठीच्या मुठीकडे बघत होते.

“लोकहो, मी जलमापासून...” मामाजी म्हणाले आणि थांबले. शब्द नव्हता. नाइलाजानं म्हणाले, “गुलाम होतो.”

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “इस्पिकचा.” मागच्या रांगा फिसकन हसल्या. मामाजींचा चेहरा पडला. एवढ्यात आजोबा उठले. झालं, चालले तलावावर, असं मला वाटलं. पण ते स्टेजकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले.

“का म्हणलं, बा?” मामाजींनी विचारलं. मग त्यांनी जे केलं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माइक दांड्यावरून काढला, वायरची गुंडाळी सोडत सोडत खाली उतरले आणि तो बापाच्या हातात दिला.

आजोबांनी माइक तोंडाजवळ धरला आणि जोरात फुंकलं, ‘फू!’ दोन्ही भोंगे गरजले. मी डोळे मिटून घेतले. मामाजींनी मशीनकडे वळूनही पाहिलं नाही.

“गुलाम नोको म्हणू,” आजोबा म्हणाले. “दावणीचा माणूस म्हण. बैल जेथं बांधत, तेथंच तणशीवर मी निजो.” मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास भोंग्यातून ऐकू आला. “अन् माय मेली तं मलेई जाऊ नाई देल्लं.”

त्यांनी माइक परत दिला आणि खाली बसले. मामाजींनी स्टेजवर न जाता, तिथेच बापाच्या खांद्यावर हात ठेवून पुढचं भाषण केलं, शेवटपर्यंत. “मी जलमापासून दावणीचा माणूस होतो,” म्हणाले, तेव्हा पत्तेवाल्यांपैकी कोणाचाही आवाज आला नाही. साकोलीहून वक्ते पोचले, तेही मागे उभं राहूनच ऐकत होते.

आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामाजींचा आवाज चिरका झाला आहे, आणि लग्नांत छाती हादरवणारे डीजे आले आहेत. तरी एखादं जुनं गिऱ्हाईक हट्टानं त्यांनाच बोलावतं. परवा आमच्या पुतणीच्या लग्नात आले होते. भोंगे बांधले, वायर जोडली, मशीन सुरू केलं. पुतणीचा नवरा गमतीनं माइककडे वाकला, तर मामाजी त्याच्यावर कडाडले, “फुकायचं नाई!” मग इकडेतिकडे पाहिलं, माइक दांड्यावरून काढून हातात घेतला, आणि कोणाचं लक्ष नाही असं वाटून त्यावर आपणच एक हलकी फुंकर मारली.