इस्माईलशेठच्या मोटारीतला खड्डा

इस्माईलशेठची मोटार सात वर्षं अंगणातून हलली नव्हती; तरी रोज दुपारी ती कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन यायची.

शेठना अर्धांगवायू झालेला. डावं अंग गेलं, उजवं शाबूत. जेवणं झाली की मी आणि चाची, म्हणजे शेठची बायको, त्यांना उचलून स्टिअरिंगपुढे बसवायचो. उजवी टाच ठेवायची, पंजा दाबायचा, की निघाले! (इंजिनात चिमण्या राहायच्या, पण त्यांचा रस्त्याला अडथळा नव्हता.) चाची मागच्या सीटवर लसूण सोलत बसायची. "जरा हळू," ती म्हणायची, आणि शेठ खरोखर पाय सैल करायचे.

मी सोलापूरकडचा. सहावीत शाळा सोडून कामतघरला आलो, तेव्हा या माणसाने मला लूमवर ठेवलं आणि घरात ताटावर बसवलं. पाच वर्षं झाली तरी प्रत्येक घासाला मला वाटायचं, उद्या म्हणतील, दत्ता, आता पुरे. त्यामुळे उपकार फेडायला काही सापडतंय का, हे मी हरवलेली सुई शोधावी तसं शोधत असायचो.

आणि ते सापडलं. गाडीच्या तळाला लाल लोकरी गालिचा होता, गाडीबरोबरच विलायतेहून आलेला. अ‍ॅक्सिलरेटरखाली, टाच टेकते तिथे, तो बशीएवढा झिजला होता. लोकर गेलेली, नुसते दोरे, मध्ये खड्डा. भोकाचं कापड आपल्या लूमवरून बाहेर जाता कामा नये, हे मला शेठनीच शिकवलेलं. मग भोकाचा गालिचा त्यांच्या पायाखाली कसा चालेल?

शेठ-चाची दोन दिवस ठाण्याला मुलीकडे गेले, डॉक्टरला दाखवायला. मी दाभण घेऊन गाडीत शिरलो.

झिजलेला तुकडा कापून काढला. त्याच रंगाचा हवा म्हणून मागच्या सीटखालचा कोरा तुकडा कापला आणि पुढे बसवला. आता भोक सीटखाली गेलं. विणकराच्या जिवाला ते सहन होईना, म्हणून डिकीतला तुकडा सीटखाली आला. भोक डिकीत. शेवटी आईने दिलेल्या घोंगडीचा कोपरा कापून डिकी बुजवली. संध्याकाळपर्यंत भोक गाडीतून निघून माझ्या अंथरुणात पोचलं होतं, आणि मी खूश होतो. जुना तुकडा लूमच्या कचऱ्याबरोबर चिंधीवाल्याच्या गोणीत गेला.

शेठ आले. त्यांना बसवलं. मी दारापाशी तोंडभर हसत उभा. शेठनी टाच ठेवली. ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. पाय चाचपडत राहिला, आंधळ्याच्या हातासारखा.

"निघा की," चाची म्हणाली.

"टाच बसत न्हाय," शेठ म्हणाले. मग बराच वेळ खाली बघून, "दत्ता, ही कोणाची गाडी हाय रे?"

माझं हसू तोंडावरच राहिलं. ते आत कसं घ्यायचं ते मला सुचेना.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वाकले, बोटाने जोड चाचपला आणि मालकाच्या आवाजात म्हणाले, "काम साफ केलंस. शिवण दिसत न्हाय." पाच वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो (आणि आलं ते असं). त्या दुपारी गाडी कशेळीला गेली नाही. दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, मला आत बसवू नका.

मी चिंधीवाल्याचं गोदाम गाठलं. डोंगराएवढा ढीग. "भाई, लोग नया ढूँढते हैं, तू फटा ढूँढ रहा है," तो म्हणाला, पण बिचाऱ्याने शोधू दिलं. दिवसभरात तीन लाल तुकडे सापडले. एकही शेठचा नव्हता.

मग एकच उपाय उरला. शिफ्ट सुटली की मी गाडीत बसून नव्या गालिच्यावर टाच घासायचो. टाच सोलली, लोकर तशीच. चाचीने न्हाणीतली टाच घासायची वजरी आणून दिली. शेठ ओट्यावरच्या खुर्चीतून बघायचे. "जोर नको लावू," ते म्हणाले, "मला तीस वर्षं लागली." एकदा हसलेही, अर्ध्या तोंडाने. मला वाटलं, झालंच आता, अजून थोडे दिवस.

रमजानच्या आधी शेठ गेले.

मी घासत राहिलो. चाचीने थांब म्हटलं नाही आणि माझं मलाही थांबता आलं नाही. बऱ्याच वर्षांनी खड्डा पडला. खोली बरोबर, जागा बरोबर. फक्त माप माझ्या टाचेचं आहे, आणि मला गाडी चालवता येत नाही!