मडिवाळप्पानं आखलेला एकर

कणसवाडीचा मडिवाळप्पा तसा साधा शेतकरी. बायको रत्नम्मा बहात्तरच्या दुष्काळात गेली, एकुलती लेक शिवकांता उदगीरला दिलेली. पण गावात कुणी वारलं की पहिलं बोलावणं त्याला यायचं. तिथल्या लिंगायतांची माती ओढ्याच्या वरच्या माळावर व्हायची. मृताला बसतं करायचं, कपाळाला विभूती लावायची, हातात इष्टलिंग द्यायचं न् मातीआड करायचं. नवा खड्डा कुठं घ्यायचा ते मडिवाळप्पा दाखवायचा. गरिबाच्या मातीवर चौथरा कुठला? एखादा धोंडा ठेवला तरी गुरं तो पाडून जायची. पण चाळीस वर्षांत कोण कुठं बसलंय, हे त्याला तोंडपाठ होतं.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि तालुक्याचं गाव फुगायला लागलं. नवी ऑफिसं आली, हॉटेलं आली, त्यांच्यामागं कचरा आला. पाऊस तेवढा आला नाही. लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं. त्या उन्हाळ्यात एका सकाळी माळावर जीप थांबली. तलाठी, दोन मोजणीवाले आणि एक तरुण साहेब उतरले. मोजणीची साखळी पडलेली बघून मडिवाळप्पा हातातलं काम टाकून धावला.

"साहेब, काय मोजायलात?"

"कचरा डेपोची जागा. वस्तीपासून लांब, रस्त्याला लागून आणि पडीक. अशीच पाहिजे होती."

"पडीक न्हाई साहेब. हितं आमची माणसं हायत."

साहेबानं नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. "मग नोंद कुठं आहे, बाबा? कागदावर सरकारी पडीक लिहिलंय."

नोंद का नव्हती ते मडिवाळप्पाइतकं कुणाला ठाऊक होतं? तीसेक वर्षांमागं गावची मोजणी झाली तेव्हा साखळीचं टोक त्याच्याच हातात होतं. स्मशान लिहिलं तर गुरं चारायला बंदी होईल, अशी गावात हूल उठली होती. "हितं काय हाय?" असं मोजणीदारानं विचारल्यावर त्यानंच सांगितलं होतं, "काई न्हाई. पडीक हाय."

आता तो साहेबाला हाताला धरूनच फिरवू लागला. "ही गौरम्मा. हा तिचा दीर गुरुपादप्पा. हितं दोन लेकरं हायत, देवी येऊन गेलेली. जरा बाजूनं या साहेब, तुमचा पाय पडंल." मग त्यानं उताराकडं बोट केलं. "आन् ती खाली हीर. साऱ्या गावाला पाणी तेवढंच. माळावरचं पाणी समदं तिकडंच उतरतंय."

तरुण साहेब विहिरीपर्यंत चालत गेला, आत वाकून बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये बसला.

तो पंधरा दिवसांनी परत आला. नजरेला नजर द्यायचं टाळत होता. "मी सगळं वर कळवलं. विहीर खराब झाली तर टँकर देऊ म्हणतात. जागा बदलत नाही. एक एकर तेवढा सोडलाय. पण सलग पाहिजे. जिथं जास्त माणसं असतील तिथं आखून द्या."

चुन्याची पाटी मडिवाळप्पाच्या हातात आली.

रस्त्याच्या अंगाला शंभरावर जुनी माणसं होती. ओढ्याच्या अंगाला अकराच. बहात्तर साली वरच्या मुरमात कुदळ शिरत नव्हती, आणि कुदळ मारायला कुणाच्या अंगात बळही नव्हतं. म्हणून त्या वर्षीची माणसं ओढ्याजवळच्या मऊ मातीत ठेवली होती. सलग एकरात दोन्ही बसत नव्हती. मडिवाळप्पा ऊन डोक्यावर येईस्तोवर उभा राहिला. मग वाकला आणि रस्त्याच्या बाजूनं चुना टाकत गेला.

चन्नबसप्पा, त्याच्याच वयाचा शेजारी, रेघ बघून तावातावानं आला. "मडिवाळ्या, माझी अव्वा भाईर राहिली की रं! तुला आखायला काय जातंय?"

"तिच्या शेजारी रत्नम्मा हाय," मडिवाळप्पा म्हणाला.



त्या अकरा जणांना आत आणावं का, असं गावानं आपल्या गुरूंना, जंगमस्वामींना, विचारलं. "एकदा बसलेल्याला उठवायचं न्हाई," ते म्हणाले. विषय तिथंच मिटला.

कुंपण झालं, गाड्या सुरू झाल्या. जून संपता संपता जरासा पाऊस पडला आणि विहिरीच्या पाण्याला वास सुटला. टँकर यायचा, कधी यायचाही नाही.

श्रावणात शिवकांता माहेरी आली. सोमवारी बेलाची पानं घेऊन ती बापाबरोबर माळावर गेली. ट्रॅक्टरनं ढीग ओढ्यापर्यंत लोटला होता, बाभळी तोडल्या होत्या, कुठं कुठं धूर निघत होता.

"अप्पा, अव्वाची जागा कुठली?"

मडिवाळप्पा चार पावलं पुढं गेला. मागं आला. ओढ्याकडं बघितलं, पुन्हा पुढं गेला. "हितं... न्हाई, जरा तिकडं." कुत्री भुंकायला लागली. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "बाई, मला सांगता यीना."

शिवकांतानं पानं होती तिथंच खाली ठेवली. "असू द्या अप्पा. पोचलं तिला."

पण त्या दिवसापासून म्हातारा गप्प झाला. जेवायला बसला की भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. शिवकांता त्याला उदगीरला घेऊन गेली. दोन वर्षांनी तो तिथंच वारला. मातीला गावाकडं न्यायचं का, असं जावयानं विचारलं. "आता तिथं अव्वाजवळ कुठं बसवता येतंय?" असं म्हणून तिनं उदगीरच्याच स्मशानात, अनोळखी माणसांत, बापाला बसवलं.