बाहेर काढलेली खोली

"आत कुणी हाय का?" पत्र्यावर बोटांनी दोनदा टकटक करून हे विचारल्याशिवाय मामा बटण दाबायचे नाहीत. गाडी रिकामी आहे हे त्यांनाही माहीत असायचं. तरी ते उत्तराची वाट बघत उभे. मग आम्ही ऑफिसातून "कुणी न्हाई, मामा!" असं ओरडायचो आणि हसायचो.

चाकणच्या पुढे आमचं यार्ड होतं. लोक फिरायला नेतात त्या कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरंच, पावसाळाभर आमच्याकडे उभ्या असायच्या. मी नोंदी ठेवायचो, मामा फिटर. तुम्ही पाहिलं असेल, बटण दाबलं की काही गाड्यांची एक बाजू कपाटाच्या खणासारखी बाहेर सरकते आणि पलंगापुरती खोली तयार होते. ती खोली चार महिने आत ठेवायची की बाहेर, यावर मालक मंडळी तावातावाने बोलायची. आत ठेवली तर फटीचं रबर दबतं, असं कुणीतरी कुठेतरी वाचलेलं असायचं.

"रबर मी बदलीन साहेब," मामा म्हणायचे, "पन बाहेर ठिवून छपरावर पाणी साचलं, तर ते कोण उपसंल?"

विषय संपला. खोल्या आत.

म्हणून एका रविवारी, विसरलेला डबा आणायला गेलो असताना, कोपऱ्यातल्या गाडीची खोली बाहेर दिसली तेव्हा मला आधी चोरच वाटला. जवळ गेलो. उघड्या खिडकीतून दिसलं, मामी पलंगावर आडव्या, मामा उशाशी.

मामींचं डायलिसिस चालायचं. बसून लांबचा प्रवास झेपत नव्हता. समुद्र बघायचा, एवढंच त्यांनी मामांकडे मागितलं होतं.

"अहो, कुठवर आलो?"

"ताम्हिणी उतरलो. आता खारा वारा लागंल."

रस्त्यावरून कांद्याचे ट्रक चालले होते. मामी डोळे मिटून हसत होत्या. मी पाय न वाजवता मागे फिरलो, आणि डबा पुन्हा तिथेच राहिला.

पुढच्या एका रविवारी धो धो कोसळला. सोमवारी त्या गाडीची गादी पायथ्याशी भिजून चिंब. गाडीचे मालक आले तेव्हा मामा स्वतःहून पुढे झाले. "पाणी मीच शिरू दिलं साहेब. ती झोपली व्हती. उठवून खोली आत घ्यावी, असं वाटलं न्हाई."

मालकांनी ओली गादी हाताने दाबून पाहिली. मग सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "पाऊस उघडला की हीच गाडी घेऊन जा. त्यांना झोपवून न्या."

त्या वर्षी पाऊस उघडेचना. मामा रोज सकाळी आभाळाकडे बघायचे, आम्हीही बघायचो. नवरात्राच्या आधी मामी गेल्या. मला त्या पावसाचा राग आला, अजून येतो.

मामांनी काम सोडलं. थंडीत एकदा त्यांचा फोन आला. आधी लाटांचाच आवाज आला.

"मामा?"

"पोचलो," ते म्हणाले. "सकाळपासनं वाळूत उभा हाय. एकट्यानं पाण्यात पाय घालावा का न्हाई, कळंना झालंय."