बिल्ला द्या, पेन्सिल घ्या

धर्मराज अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात टूलरूम सांभाळायचा. मी तिथेच फिटर होतो. त्याच्या खिडकीत आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ठेवल्याशिवाय साधा पाना मिळत नसे. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली होती. हत्यार नेलं की त्या जागी नेणाऱ्याचा बिल्ला लटके. शिफ्ट सुटताना एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी तो कोणाला जाऊ देत नसे. त्याने शिव्या पुष्कळ खाल्ल्या. हत्यार एकही हरवलं नाही.

निवृत्तीनंतर तो नदीकाठच्या मांजर्लीत राहतो. गेल्या पावसाळ्यात नदीचं पाणी घरांत शिरलं आणि तिथल्या शाळेतल्या दुसरीच्या बऱ्याच मुलांची दप्तरं गेली. कोणीतरी वर्गासाठी पेन्सिली, खोडरबर, कात्र्या दिल्या. त्या सगळ्यांच्या मिळून होत्या, म्हणून लगेच हरवू लागल्या. मोठ्या बाईंनी वर्गशिक्षिका तेजलला बजावलं, दिवाळीच्या सुट्टीआधी मी बघायला येईन. सामान असंच जात राहिलं तर उरलेलं कपाटात बंद. कुलूप त्यांनी आणूनही ठेवलं होतं. ज्यांच्याकडे स्वतःची पेन्सिल नाही त्यांनी कशाने लिहायचं, हे त्या बोलल्या नाहीत.

तेजल धर्मराजची भाची. तिने मामाला बोलावलं.

त्याने उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून प्लायचा तुकडा आणला, कडा घासल्या, रंगाचे दोन हात दिले आणि त्यावर प्रत्येक वस्तूची आकृती काढली. मुलं अजून अडखळत वाचतात म्हणून पत्र्याच्या बिल्ल्यांवर नावांऐवजी चित्रं काढली. पतंग, बैल, छत्री. काम चांगलं झालं होतं. एक खिळा तिरका होता. मी दाखवल्यावर त्याने तो काढून पुन्हा ठोकला.

मुलं बिल्ला देऊन वस्तू नेऊ लागली. शाळा सुटताना धर्मराज फळीपुढे उभा राही. पेन्सिल आकृतीपेक्षा आखूड दिसली की तो त्या मुलाला बोलावून विचारी, कमी कशी झाली.

"मी नाय खाल्ली आजोबा," बबन म्हणाला.

थोड्याच दिवसांत हरवणं थांबलं. पेन्सिली आखूड होणंही थांबलं. धर्मराजने मला मुद्दाम नेऊन फळी दाखवली. दुकानात मांडल्यासारखी होती.

मग तेजलने वह्या दाखवल्या. त्या कोऱ्या होत्या. पुरात दप्तर गेलेली वैष्णवी वर्गात सगळ्यांत नीट लिहायची. ती आता ओळींवरून नुसतं बोट फिरवत होती. लिहीत का नाहीस, असं तेजलने विचारलं.

"झिजली तर आजोबा बोलतात."

तेजल मामाकडे वळली. "मग कुलूप काय वाईट होतं, मामा?"

धर्मराज मला म्हणाला, "पाना झिजत नाही रे." मी त्याला भोकं पाडायच्या ड्रिलची आठवण करून दिली. ड्रिल झिजायचं. झिजलेलं परत केलं की तो मुकाट्याने नवं द्यायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने पेन्सिलींच्या आकृत्या घासून काढल्या आणि प्रत्येक जागी बोटाच्या पेराएवढं थोटूक रंगवलं. त्यात बसेल एवढी पेन्सिल संपवून आणली की नवी मिळणार. बबनने तासभर शार्पनर फिरवून त्याच दिवशी थोटूक आणलं. तेव्हापासून थोटकाबरोबर वहीही दाखवावी लागते.

सुट्टीआधी मोठ्या बाई आल्या. कात्र्या आणि खोडरबर जागेवर होते. नव्या पेन्सिलींचा खोका रिकामा होता. बाईंनी पर्समधून कुलूप काढलं.

"हरवल्याच ना शेवटी, काका?"

धर्मराजने थोटकांचा डबा टेबलावर उपडा केला. "हरवल्या नाहीत, बाई. संपल्या."

तेजलने शेजारी वह्या ठेवल्या. वैष्णवीची सगळ्यांत वर होती. बाईंनी ती शेवटच्या पानापर्यंत उलटली, खालच्याही काही पाहिल्या. कुलूप पर्समध्ये परत गेलं. नव्या पेन्सिली कोणाकडे मागायच्या, हे तेजलशी बोलत त्या बाहेर पडल्या.

धर्मराज थोटकं डब्यात भरू लागला. एक घरंगळून कुठेतरी गेलं होतं. ते सापडेपर्यंत त्याने मला घरी जाऊ दिलं नाही.